चिंचेच्या डावीकडं

लंडनमधल्या आमच्या वेम्बलीच्या घरामागून मेट्रोपॉलिटन लाइनची लोकल जायची. गाडी आली की स्वयंपाकघरातल्या बशा किणकिणायच्या आणि आई बोलता बोलता थांबायची. गाडी पूर्ण जाऊ द्यायची, मग वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं उचलायची. नव्याने घरी आलेल्या माणसांना वाटायचं, बाईंना कशाचा तरी राग आला. राग वगैरे काही नसायचा, ती नाटक पाठ करत असायची. कणीक मळताना पहिला अंक, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दुसरा, आणि तिसरा भांडी घासताना, कारण तिसऱ्या अंकात बहुतेक वेळा तिला रडायचं असायचं आणि नळ सोडलेला असला की शेजारी ऐकू जात नसे. 'आमटीत मीठ कमी आहे' एवढं सांगायलासुद्धा बाबा आणि मी तिचं स्वगत संपायची वाट बघत ताटावर बसून राहायचो.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी आमच्या घरात कुणालाच चैन नव्हती. बाबा हाउन्सलोला, विमानतळाच्या कार्गोत शिफ्टची नोकरी करत आणि घरी आले की कपडेही न बदलता गॅरेजमध्ये जाऊन सेटच्या फळ्या ठोकत बसत. माझ्या पायाला तर भिंगरीच होती. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि कोथिंबीर आणते म्हणून ईलिंग रोडला चक्कर मारायची, घरात दोन जुड्या पडलेल्या असल्या तरी. बसले की गुडघा हलायचा. आई दिवसातून वीसदा तरी म्हणायची, "मिनू, गुडघा." आणि तिचं स्वतःचं काय? इथं येऊन सतरा वर्षं झाली होती, तरी तिच्या चांगल्या साड्या कपाटावरच्या सुटकेसमध्येच होत्या. कपाटात लाव म्हटलं की म्हणायची, "लावू की, घाई काय आहे?" लग्नाआधी पुण्यात ती नाटकांत कामं करायची आणि लोक तिच्या नावावर तिकिटं काढायचे, हे मला बाबांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला होता, कारण तिला तिथून इथं आणणारे तेच.

आमचं नाट्यमंडळ म्हणजे हौशी मराठी माणसांचा पंधरा-वीस जणांचा जमाव. त्याचेही त्याच वर्षी दोन तुकडे झाले. कारण सांगायची आज लाज वाटते. गणपतीत नाटकाआधी मुलांचा नाच ठेवायचा की नाही, यावरून. नाच हवा म्हणणारे हाउन्सलोकडचे, नको म्हणणारे आम्ही. इतकं विकोपाला गेलं की मंडळाचा मखमली पडदा ते घेऊन गेले आणि दिवे आमच्या गॅरेजमध्ये राहिले. वर्षभर त्यांची नाटकं अंधुक उजेडात झाली आणि आमची निळ्या चादरी जोडून केलेल्या पडद्यामागे. त्यांच्याबरोबर आमचा प्रॉम्प्टरही गेला. म्हणून मग नानांनी नाटकाची वही माझ्या हातात दिली.

नाना म्हणजे आमचे दिग्दर्शक. मूळचे साताऱ्याकडचे, इथं आयुष्यभर लाल बस चालवलेले. या वेळचं नाटकही त्यांनीच लिहिलं होतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातली एक बाई, पंचवीस वर्षांनी धाकट्या भावाला घेऊन काठावर येते. गाव सुटलं तेव्हा हा भाऊ तान्हा. तो विचारतो, "ताई, आपलं घर कुठं होतं?" ती पाण्याकडं बोट दाखवते आणि म्हणते, "तिथं. चिंचेच्या डावीकडं." चिंच कुठली दिसायला? तीही पाण्याखालीच गेलेली. ती ताई म्हणजे आई. मला वही मिळाली ती माझं मराठी वाचन पक्कं होतं म्हणून. बोलणं मात्र दिव्य होतं. टेबलाला 'ती' आणि खुर्चीला 'तो' म्हणणारी मी, पण सबंध नाटक मला एका दमात घडाघडा म्हणता यायचं. आज हे सगळं मी मराठीत लिहिते आहे ते त्या वह्यांच्या जिवावर.

प्रॉम्प्टरचं काम लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. नट बोलतो तेव्हा तुम्हाला काही काम नसतं. तो थांबला की तुमची परीक्षा. विसरला म्हणून थांबला, की मुद्दाम थांबला? विसरलेल्याला वेळेवर शब्द दिला नाही तर तो बुडतो, आणि मुद्दाम थांबलेल्याला दिला तर तुम्ही त्याला बुडवता. आईचं थांबणं मी चांगलं ओळखून होते. गाडीसाठी थांबली की तिची नजर छताकडं जायची. विसरली की डाव्या हाताचा अंगठा अनामिकेवरची अंगठी फिरवायला लागायचा. तिला स्वतःला हे ठाऊक नाही, असं मला वाटायचं. अंगठा हलला की मी विंगेतून शब्द सोडायचे, इतका हळू की पुढच्या रांगेलाही कळू नये. तालीम संपली की ती माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "तू आहेस म्हणून मी आहे बाई." मला त्याचा फार अभिमान होता.

तिचं तिसऱ्या प्रकारचं थांबणं सुरू झालं ते एका बंगाली सिनेमामुळे. दोन घरं सोडून शेफालीमावशी राहायच्या. मूळच्या पूर्व बंगालच्या. फाळणीत त्यांचं गाव नदीपलीकडच्या देशात गेलं, त्या वयाच्या नवव्या वर्षी कलकत्त्याला आल्या आणि पुढं लग्न होऊन इथं. त्यांच्या मुलाने टीव्हीवर लागलेला एक जुना सिनेमा टेप करून ठेवला होता. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं, खिचुडी आणि वांग्याची भजी केली, पडदे ओढले आणि कॅसेट लावली. सिनेमा नाटकवाल्यांचाच होता. देश तुटलेला, निम्म्यांची घरं सीमेपलीकडं राहिलेली, आणि ही माणसं तालमी करतायत, गावोगाव प्रयोग करतायत, एकमेकांशी कडाकडा भांडतायत. त्यांच्याही मंडळाचे दोन तुकडे झालेले. ते पाहून बाबांना हसू आवरेना. "अगं, हे तर आपलंच चाललंय. यांचा पडदा कुणी नेला ते विचार."

टेपवर इंग्लिश अक्षरं पुसट उमटली होती, वाचता येत नव्हती, म्हणून मावशी हिंदी आणि इंग्लिशची मिसळ करून सगळं सांगत होत्या. मग एक प्रसंग आला. ती नटी नदीच्या काठावर उभी आहे, पलीकडच्या काठाला तिचं घर होतं, आणि तिथं आता जाता येत नाही. मावशींचं सांगणं बंद पडलं. माझा गुडघा हलायला लागला. थोडा वेळ वाट बघून मी विचारलंच, "मावशी, व्हॉट डिड शी से?"

"नथिंग," त्या म्हणाल्या. "शी इज नॉट सेइंग एनिथिंग, मिनू. जस्ट लुक."

मी मावशींकडं बघितलं तर त्या रडत होत्या, आणि भज्यांची ताटली त्यांच्या मांडीवर तशीच होती. आईने माझ्याकडं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचं सगळं लक्ष त्या नटीकडं होतं. सिनेमा संपल्यावर तिने मावशींना विचारून टेप मागं घेतली आणि तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. घरी येताना फाटकाशी थांबून बाबांना म्हणाली, "अहो, सतरा वर्षं मी नुसती बोलतेच आहे."

त्यानंतर तालमीत तिने ती जागा बदलली. भाऊ विचारायचा, "ताई, आपलं घर कुठं होतं?" आणि ती उत्तरच द्यायची नाही. पाण्याकडं बघत राहायची. पहिल्या वेळी मी लगेच वाक्य दिलं, तर तिने सगळ्यांदेखत मला झापलं. "माझ्या पॉजमध्ये बोलायचं नाही, मिनू. काही झालं तरी." घरी आल्यावर तिने माझी वही घेतली आणि त्या वाक्याआधी पेन्सिलीने लिहिलं, 'थांब'. नाना कुरकुरले, "किती थांबणार बाई? लोकांच्या गाड्या असतात." पण दोन-तीन तालमींनंतर तेही गप्प झाले. ती थांबली की तालमी चालायच्या त्या शाळेच्या जिममध्ये खरंच पाणी असल्यासारखं वाटायचं. मला ते आवडायचं नाही. ती थांबली की मला तिचा चेहरा ओळखू यायचा नाही.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून भास्करराव आले. आईच्या कॉलेजच्या नाटकांचे हे दिग्दर्शक, आता व्यावसायिक नाटकं करणारे. कुठल्याशा लग्नासाठी इंग्लंडला आले होते आणि चार दिवस आमच्याकडं उतरले. आईने पुरणपोळीपासून काहीही करायचं बाकी ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरात आईशी बोलत चहा पीत बसले होते आणि मी जिन्यात बुटाची नाडी बांधत होते.

"नवीन नाटकात चाळिशीतली बाई हवी आहे मला," ते म्हणाले. "पुण्यात आहेत गं पुष्कळ. पण सगळ्या नुसत्या बोलतात. मला थांबता येणारी हवी. तालमी आणि दौरा धरून आठ महिने. शालू, येशील?"

मागून गाडी गेली. बशा वाजल्या.

"शनिवारी प्रयोग बघा," आई म्हणाली. "शेवटची जागा बघा. मग विचारा परत."

"बघतो. तीच जागा बघायला येतो म्हण की."

रात्री जेवताना आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग जा की. आठ महिने आम्ही काय उपाशी नाही मरणार." जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये गेले आणि ठोकण्यासारखं काही राहिलेलं नसताना ठोकत बसले. मला कुणी काही विचारलंच नाही. आई कपाटावरच्या सुटकेसकडं बघून पदराने तिची धूळ झटकत होती, ते मी दारातून पाहिलं. ती गेली की परत येणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. तसं कुणी म्हटलं नव्हतं; पण जिच्या साड्या सतरा वर्षं कपाटात आल्या नाहीत, ती बाई आठ महिन्यांनी परत कशाला येईल? ते चार दिवस मी घरात टिकलेच नाही. ईलिंग रोडच्या इतक्या चकरा मारल्या की भाजीवाल्या गुजराती काकांनी विचारलं, "बेटा, एव्हरीथिंग ओके?" मी ओके म्हटलं आणि परत कोथिंबीर घेतली.

शनिवारी दुपारी ईलिंगच्या एका हॉलमध्ये प्रयोग होता. फॉइलच्या ट्रेमधून बटाटेवडे आले होते, नानांनी नारळ फोडला, त्याचं पाणी कार्पेटवर सांडलं म्हणून केअरटेकर कुरकुरला. पहिल्या रांगेत भास्करराव, त्यांच्या शेजारी शेफालीमावशी. त्यांना मराठी येत नव्हतं, पण नाटकाची गोष्ट आईने त्यांना सांगून ठेवली होती. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, हातात छोटी टॉर्च. नाटक चांगलं चाललं होतं. दोन अंकांत आईचा अंगठा एकदाही हलला नाही. मग तिसऱ्या अंकाचा शेवट आला.

"ताई, आपलं घर कुठं होतं?"

आई थांबली. तालमीत कधी थांबली नव्हती इतकी थांबली. हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. मी भास्कररावांकडं पाहिलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या क्षणी मला कळलं की आई गेली. मी आईच्या हाताकडं पाहिलं. तिचा डावा हात पदरावर होता आणि अंगठा स्थिर होता. वहीवर टॉर्चच्या उजेडात तिच्या अक्षरात 'थांब' दिसत होतं. हे सगळं मी नीट पाहिलं. आणि मग, नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात नाही, चांगलं पाचव्या रांगेपर्यंत जाईल असं म्हणाले, "तिथं. चिंचेच्या डावीकडं."

लोक हसले. वाईट अर्थाने नाही. घरच्या माणसाचं चुकल्यावर हसतात तसे. आईने बोट उचललं, वाक्य म्हटलं आणि चादरींचा पडदा पडला. टाळ्या पुष्कळ झाल्या. भास्करराव आत येऊन म्हणाले, "छान, शालू. नाटक स्वच्छ बसलंय." चष्मा त्यांनी पुन्हा घातला होता. शेफालीमावशी वड्यांच्या टेबलापाशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "यू कुड्न्ट वेट?" मी वडा तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चटणीसाठी खोबरं किसत होती. मी समोर बसले होते. तिने मान वर न करता विचारलं, "माझ्या हाताचं काही झालं होतं का काल? नानांनी मागं मला सांगितलंय, विसरले की मी अंगठी फिरवते."

"नाही," मी म्हटलं.

"मग तुला कळलं होतं, पॉज आहे."

मी ओट्यावर सांडलेला कीस गोळा करायला लागले. तिने माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "किसणी धर जरा, हात भरून आलाय." मी धरली आणि उरलेलं खोबरं किसलं.

महिन्याभरात भास्कररावांचं पत्र आलं. त्यांनी पुण्यातलीच एक बाई घेतली होती. आईने पत्र वाचून दाखवलं, मग खुर्ची घेऊन वर चढली, सुटकेस खाली काढली आणि सगळ्या साड्या कपाटात लावल्या. मी घड्या घालून देत होते. बाबा दाराशी उभे राहून म्हणाले, "अगं, राहू दे की तशाच." तिने पुढच्या घडीसाठी हात पुढं केला. मला हवं होतं ते झालं होतं, आई कुठंही जाणार नव्हती, आणि त्या साड्यांच्या घड्या घालताना मला जे वाटलं ते कुणाला कधी वाटू नये.

वही आईने माझ्याकडून कधीच काढून घेतली नाही. पुढं वीसेक वर्षं ती नाटकांत कामं करत राहिली आणि विंगेत मीच. पण ती पुन्हा कधी थांबली नाही. समोरच्याचं वाक्य संपतं न संपतं तोच तिचं वाक्य यायचं. लोक म्हणायचे, शालिनीबाईंचं काम एकदम चोख, कुठं अडखळणं नाही. आमचे दोन तुकडे पुढं एक झाले, पडदा परत आला, तरी तेच. वहीतला 'थांब' हा शब्दही तिने खोडरबरने पुसून टाकला होता, पण पेन्सिल दाबून लिहिलेली होती म्हणून कागद तिरका धरला की अजून दिसतो. मी अनेकदा धरलाय. माफी मागायचं हजार वेळा ओठांवर आलं, पण ती इतकी सहज वागायची की विषय काढणं हाच अपराध वाटायचा.

आता मी साठी ओलांडली आहे. बाबा नाहीत, नाना आणि शेफालीमावशीही नाहीत. आई पंच्याऐंशीची, ईलिंगला माझ्याकडं असते. मंडळ आता व्हिसावर आलेली पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरवाली मुलं चालवतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातली सायली घरी आली. "काकू, जुन्या नाटकांतले प्रवेश करतोय आम्ही, संडे आफ्टरनूनला, हाउन्सलोला. आजींनी फक्त तो धरणाचा लास्ट सीन करावा. खुर्चीत बसून. अगदी नो प्रेशर."

मला वाटलं आई नको म्हणेल. तिने विचारलं, "वही कोण धरणार?"

"आयपॅड आहे ना आजी, आम्ही समोर मोठ्या अक्षरात लावू."

"ते नको. मिनू धरेल," आई म्हणाली आणि टीव्हीकडं वळली.

त्या रविवारी सकाळी मी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पुसलेल्या जागी पुन्हा लिहिलं, 'थांब'. हॉल भरलेला होता. आई खुर्चीत, अंगावर तेव्हाच्या सुटकेसमधलीच एक इरकल. नागपूरचा एक मुलगा भाऊ झाला होता. त्याने विचारलं, "ताई, आपलं घर कुठं होतं?"

आई थांबली.

मी तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. पण आता तिचे दोन्ही हात सारखेच थरथरतात. अंगठा हलत होता, बोटं हलत होती, सगळंच हलत होतं, आणि त्यावरून काहीही कळायला मार्ग नव्हता. तिची नजर समोर होती. हॉल शांत. तो मुलगा कावराबावरा होऊन विंगेकडं बघायला लागला. पहिल्या रांगेतून सायली मला हाताने खुणावत होती, सांगा, सांगा. मी वही मिटली. या वेळी मी बोलणार नव्हते. आयुष्यात एकदा तरी तिला हवं तेवढं थांबू देणार होते, हॉल रिकामा झाला तरी. माझा गुडघासुद्धा हलला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आईने मान वळवली, थेट विंगेत माझ्याकडं पाहिलं, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं मिनू, किती थांबशील? सांग की आता."

हॉल हसला. मी वही न उघडताच सांगितलं. तिने थरथरतं बोट वर केलं आणि माझ्यामागोमाग म्हटलं, "तिथं. चिंचेच्या डावीकडं."